अळी शहाणी होते का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या महिन्यात या सदरात उत्क्रांतीबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी विनंती केली होती, की तुमच्या शेतात, रानात, घरात जे दिसतं त्यावरून प्रश्न पाठवा. रावेरपासून धडगावपर्यंतची पत्रं आली. मी ३१ वर्षं यावल तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा यायचा तोवर प्रॅक्टिकल परीक्षा डोक्यावर आलेली असायची आणि तो 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकला जायचा. त्याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत, आणि मी ती लांबू दिली आहेत.

"बीटी आली तेव्हा बोंडअळी दिसेनाशी झाली होती. आता गुलाबी अळी बीटीच्याच बोंडात बसून सरकी खाते. आमचे वडील म्हणतात, अळी शहाणी झाली, तिला विष पचायला लागलं. गावातले काही म्हणतात बियाणंच बोगस. खरं काय समजायचं?"
— एक शेतकरी, धरणगाव तालुका

भाऊ, वडिलांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. कारण मात्र वेगळं आहे.

२०१७ च्या दिवाळीत मी माहेरी, चोपडा तालुक्यात होते. भावाची कपाशी लांबून हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. वहिनीने बांधावरून येताना एक डोमकळी तोडून माझ्या हातात दिली. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, सोडवल्या तर आत बारीक अळी. संध्याकाळी ओट्यावर परातीत २० हिरवी बोंडं घेऊन बसलो. बाहेरून एकावरही भोक दिसत नव्हतं. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते, ती आत शिरते आणि बोंड वाढतं तसं तिचं भोक बुजून जातं. विळीवर फोडली तेव्हा निम्म्याहून जास्त बोंडांत ती निघाली, अंगावर गुलाबी पट्टे, तोंड सरकीत खुपसलेलं. भाऊ म्हणाला, "ताई, बियाणं पक्कं बीटीचं आहे, बिल आहे माझ्याकडे." बियाणं खरंच बीटीचं होतं. बोगस बियाणं बाजारात येतच नाही असं मी म्हणणार नाही, पण अस्सल बियाण्यावरही हेच झालं.

आता झालं काय ते बघू. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं प्रथिन, जे कपाशी स्वतःच्या पेशीत तयार करते. अळीने पान किंवा बोंड कुरतडलं की ते तिच्या आतड्यात जातं, आतड्याच्या अस्तरावरच्या एका प्रथिनाला चिकटतं, अस्तराला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. पण अळ्याही सगळ्या एकसारख्या नसतात. तुमच्या चार भावंडांत एखाद्याचे डोळे घारे निघतात, तसं हजारो-लाखो अळ्यांत एखादीच्या आतड्यातलं ते प्रथिन किंचित वेगळं असतं. बीटी तिथे नीट चिकटत नाही. हा वेगळेपणा बीटी बाजारात येण्याच्या आधीपासूनच कुठेतरी होता. तेव्हा त्याचा तिला काही फायदाही नव्हता.

आपल्या देशात एका जनुकाच्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची २००६ मध्ये आली. थोड्याच वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीची झाली. म्हणजे गुलाबी अळीच्या पुढ्यात शिवारच्या शिवार एकाच विषाचं ताट वाढलेलं. ज्यांच्या आतड्यात बीटी चिकटत होतं त्या सगळ्या मेल्या. उरल्या त्या वेगळ्या, आणि पुढची अंडी त्यांनीच घातली. एक पतंगीण शंभर-दोनशे अंडी घालते, आणि आपल्या हवेत महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी उभी राहते. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी अळी जाहीर झाली, मग दुसऱ्या बीटीलाही न जुमानणारी निघाली, आणि २०१७ ला आपली परात भरली. यात कुठलीही एक अळी काही शिकली नाही. जी जन्माला आली ती जशी आली तशीच मेली किंवा जगली. वस्ती तेवढी बदलत गेली, कारण कोणाची लेकरं उरतात हे बदललं. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि ती तुम्ही पंधरा वर्षांत, स्वतःच्या बांधावर उभं राहून पाहिली आहे.

बियाण्याच्या पिशवीत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, आठवतं? बिगर-बीटी बियाण्याचं. शेताभोवती पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, जे जास्त होईल तेवढं त्याचं लावायचं, असा नियम होता. माझा भाऊ ते पाकीट बांधावरच टाकून द्यायचा. "ती कपाशी काय अळीला खाऊ घालायला लावायची?" असं विचारायचा. तर हो, खाऊ घालायलाच. बीटीला न जुमानण्याचा गुण अळीत पूर्ण उतरायला तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. कडेच्या साध्या कपाशीत हजारो साध्या अळ्या वाढल्या असत्या, त्यांचे पतंग आतल्या एखाद-दुसऱ्या वेगळ्या पतंगाशी जुळले असते, आणि त्यांची पिल्लं बीटीवर मेली असती. त्या पाच ओळी हा अळीवरचा खर्च नव्हता, बीटीचं आयुष्य वाढवायचा हप्ता होता. हे कारण शेतकऱ्याला कोणी बसून समजावून सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नियम सांगितला, कारण सांगितलं नाही, आणि कारण कळल्याशिवाय कुठला शेतकरी आपल्या रानात अळी पोसेल?

अमेरिकन हिरव्या बोंडअळीचं बघा. ती कपाशी खाते तशी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटोही खाते. तिच्या साध्या लेकरांना शिवारात भरपूर जागा राहिली, म्हणून तिच्यात हा बदल इतक्या वेगाने पसरला नाही. गुलाबी अळीला जवळपास कपाशीशिवाय दुसरं घर नाही. त्यात आपण फरदड ठेवतो, मार्च-एप्रिलपर्यंत पाणी देऊन कपाशी उभी ठेवतो, म्हणजे तिला आणखी दोन-तीन पिढ्या आयत्या देतो. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं बी लावलं. त्यात साधारण चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी निघतात, आणि तिथे गुलाबी अळीचा हा गुण वाढायचा थांबून मागे हटला. तुमच्या हातात आज आहे ते एवढं: डिसेंबरअखेर कपाशी मोकळी करा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, थंडीत अळी दोन सरक्या जोडून त्यात निजते, म्हणून जिनिंगजवळच्या शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) आधी लावा. आणि पाकीट मिळालं तर पेरा.

"माणूस माकडापासून झाला, तर मनुदेवीच्या जंगलातली माकडं अजून माकडंच का राहिली?"
— दहावीतली विद्यार्थिनी, चोपडा

बाळ, तुझी चुलतबहीण तुझ्यापासून झालेली नाही. तुम्हा दोघींचे आजोबा एक. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि मनुदेवीच्या वानरांच्या कुळाशी आपलं नातं अडीच-तीन कोटी वर्षं मागे जातं. तेव्हा ना वानर होतं, ना माणूस, दोघांचा पूर्वज होता. तिथून वानरही बदलतच आलं आहे. पुढच्या वेळी गेलीस तर त्याला खाताना बघ. कडू, जून पानं ते ओरबाडून खातं, जी आपल्याला पचणार नाहीत. त्याच्या पोटात कप्पे असतात, त्यात पानं आंबवून ते पचवतं. आपल्या बाजूला हे कधी झालं नाही. त्याने माणूस व्हायचं राहून गेलेलं नाही, त्याला त्या झाडावर जे लागतं ते त्याच्याकडे आहे.

"आमच्याकडे सगळी टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी. एकसारखी वाढ, कापणी एकदम. पण सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर सगळा बाग एकदमच बसतो. केळीत उत्क्रांती होत नाही का?"
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

एक पिकलं केळं सोला आणि मधोमध आडवं कापा. मध्यभागी बारीक काळे ठिपके दिसतील. त्या बिया व्हायच्या राहून गेल्या आहेत. आता उरलेल्या तुकड्याच्या टोकावर मधोमध बोट दाबा, तो उभा तीन फाकांत सरळ फुटेल. फुलातल्या तीन कप्प्यांची ती खूण. रानटी केळीत त्या प्रत्येक कप्प्यात काळ्या, दात मोडेल अशा टणक बिया असतात आणि गर नावापुरता.

रानटी केळीच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा, एक बापाचा. ग्रँड नैनमध्ये तीन संच आहेत, एकूण ३३. तीन संचांची दोघांत सारखी वाटणी होत नाही, म्हणून परागही नीट बनत नाही आणि बीजही नाही. आग्नेय आशियात आणि न्यू गिनीत कोणाला तरी अशी बिनबियांची झाडं सापडली. त्यांनी त्यांचे मुनवे, म्हणजे बुडातून फुटणारे कोंब, काढून लावले, त्या मुनव्यांचे मुनवे लावले. न्यू गिनीत सुमारे ७००० वर्षांपूर्वी केळी लावल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. माणसाने निवडलं म्हणून ते झाड जगलं, पण त्या निवडीत त्याचं लग्न मोडलं. आई-बापाच्या गुणांची जी सरमिसळ दर पिढीत व्हायची, ज्यातून एखादं लेकरू रोगाला टिकायचं, ती थांबली. तुमच्या बागेतली पाच हजार झाडं म्हणजे खरं पाहता एकच झाड, पाच हजार ठिकाणी उभं.

म्हणून सीएमव्ही आला, माव्याने तो पसरवला, की झाडाझाडांत फरक उरत नाही. एकाला जे लागतं ते सगळ्यांना लागतं. हे जगात आधी एकदा मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी बाजारात जे केळं विकलं जायचं ते ग्रो मिशेल नावाचं होतं, आजच्यापेक्षा गोड आणि जाड सालीचं. मातीतल्या पनामा बुरशीने मध्य अमेरिकेतले त्याचे मळेच्या मळे संपवले. मग त्या बुरशीला टिकणारं कॅव्हेंडिश आलं. तुमची ग्रँड नैन त्याच कुळातली. आपल्या जिल्ह्यात बसराई जाऊन श्रीमंती आली, श्रीमंती जाऊन ग्रँड नैन आली, पण तिन्ही कॅव्हेंडिशच, कोंबातल्या लहानसहान बदलाने उंच-बुटकी झालेली. तेव्हा केळीत बदल होतच नाही असं नाही. तो होतो, फक्त फार चिंचोळ्या वाटेने. आणि त्याच पनामा बुरशीचा नवा प्रकार, टीआर-४ म्हणतात तो, कॅव्हेंडिशलाही मारतो. तो आपल्या देशातही, बिहारमध्ये, सापडला आहे. बुरशीला बदलायला कोणी अडवलेलं नाही.

मृगबाग आणि कांदेबाग असे दोन हंगाम आपण करतो, त्याने लागवडीची वेळ बदलते, वाण बदलत नाही. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात देशभरातली नाना जातींची केळी जपून ठेवली आहेत, अगदी बियांची रानटीसुद्धा. उद्या टिकणारं वाण तयार करायचं झालं तर गुण तिथूनच घ्यावा लागेल. तुम्हाला माझी एकच विनंती: बांधाला, विहिरीजवळ, कुठे जुनी वेगळी केळ उभी असेल तर ती जागा अडवते म्हणून काढू नका.

"मी आशा आहे. आमच्या पाड्यांवर सिकलसेलची लेकरं आहेत, थंडीत त्यांची हाडं इतकी दुखतात की आई रात्रभर शेकत बसते. तुम्ही लिहिलं की निसर्ग निवड करतो. मग हा आजार हजारो वर्षांत निवडून निघून का गेला नाही? घरचे लोक तर सुनेलाच दोष देतात."
— आशा स्वयंसेविका, धडगाव तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता.

रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यातला सहावा एकच दुवा वेगळा असतो. तेवढ्याने हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते आणि हाडांत कळा येतात. पण हे सगळं ज्याला आई आणि बाप दोघांकडून तो बदल आला त्याला, म्हणजे तुमच्या रजिस्टरमधल्या एसएस लेकराला. ज्याच्याकडे एकच प्रत आहे तो एएस, वाहक. तो नांगर धरतो, डोंगर चढतो, त्याला बहुतेक काही त्रास नसतो.

आणि त्या एएसला एक गोष्ट मिळते. १९४९ मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञाने रक्ताच्या अशाच एका आनुवंशिक आजाराबद्दल, थॅलेसेमियाबद्दल, अंदाज मांडला होता, की तो मलेरियाच्या मुलखात टिकून आहे त्याचं कारण मलेरियाच असावं. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि इथलेच होऊन गेले.) १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबद्दल ते दाखवून दिलं: वाहक मुलांना जिवावर बेतणारा मलेरिया फार कमी होतो. परजीवी त्यांच्या तांबड्या पेशीत नीट वाढू शकत नाही.

आता सातपुड्याचा जुना काळ डोळ्यांसमोर आणा. ना फवारणी, ना गोळी, पावसाळा संपला की थंडीताप. ज्या लेकरात सिकलसेलची एकही प्रत नाही ते तापात जाण्याची भीती. दोन प्रती असलेलं सिकलसेलने जाण्याची भीती. मधलं, एका प्रतीचं, दोन्हीतून वाचून मोठं व्हायचं, त्याची लग्नं व्हायची, आणि त्याच्यातून तो बदल पुढच्या पिढीला जायचा. म्हणून तो गेला नाही. निवड झाली नाही असं नाही, ताई, निवड झाली ती वाहकांची. तुमच्या पाड्यावर आज जी माणसं उभी आहेत, त्यांच्यातल्या अनेकांच्या खापरपणज्या ज्या तापातून वाचल्या, त्या या बदलामुळे वाचल्या असतील.

आता मलेरिया पुष्कळ कमी झाला, औषध आहे. फायदा ओसरला, आजार मागे राहिला. तो आपणहून लवकर जाणारही नाही, कारण त्याच्या बहुतेक प्रती निरोगी वाहकांच्या अंगात असतात, तिथे त्यांना कोणी अडवत नाही.

सुनेला दोष देणाऱ्या सासूला हे सांगा: एसएस लेकराला एक प्रत आईची असते आणि एक बापाची. एकटीच्या रक्ताने हा आजार होऊच शकत नाही. दोघं एएस असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता लेकरू एसएस होण्याची, चारात दोन एएस होण्याची, चारात एक पूर्ण मोकळं असण्याची. पहिलं मोकळं निघालं म्हणून दुसरं निघेल असं नसतं, प्रत्येक बाळंतपणाचा हिशेब नव्याने. लग्न ठरायच्या आधी दोन्हीकडची तपासणी झाली तर हा प्रश्न घरात येण्याआधीच कळतो. ज्यांना आजार आहे त्यांना भरपूर पाणी, थंडीत ऊब, तापाला ताबडतोब दवाखाना, आणि डॉक्टरांनी सुरू केली असेल तर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद न करणं. बरं वाटलं की लोक गोळी सोडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

"उंबराचं फूल दिसलं तर नशीब उघडतं म्हणतात. आम्हाला उंबर फोडला की किडेच दिसतात. ते आत जातात कुठून?"
— एक आजोबा, पाचोरा

आबा, उंबर फोडलात तेव्हा तुम्ही फुलंच बघितलीत, शेकड्यांनी. ज्याला आपण फळ म्हणतो ती बाहेरून बंद झालेली फुलांची परडी आहे, फुलं आत तोंड करून. आणि दिसले ते किडे म्हणजे तिळाहून लहान गांधीलमाश्यांची जात.

उंबराच्या टोकाला खवल्याखवल्यांचं बारीक दार असतं. अंगावर परागकण घेऊन मादी तिथून आत घुसते. ते इतकं अरुंद असतं की तिचे पंख तिथेच तुटतात. ती आत परागीकरण करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या फुलांत तिची पिल्लं वाढतात, उरलेल्या फुलांत उंबराचं बी धरतं. आधी नर बाहेर येतात, त्यांना पंख नसतात. ते आतच माद्यांशी जुळतात, सालीला भोक पाडतात आणि त्यांचा जन्म संपतो. त्या भोकातून माद्या पराग घेऊन उडतात, दुसऱ्या उंबराकडे.

जगात वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्या कुळात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत, आणि बहुतेक जातींची माशी आपापली, वेगळी. वडाची माशी उंबरात जात नाही. कोट्यवधी वर्षं झाड बदललं तशी माशी बदलली, माशी बदलली तसं झाड. एका कुळातून इतक्या जाती निघाल्या त्याला ही जोडी मोठं कारण आहे. ते उंबर पिकतात म्हणून भर उन्हाळ्यात, रानात दुसरं काही नसताना, हरियल, खारी आणि वटवाघळं जगतात. माशी गेली तर तेही जाईल. दारातला उंबर सांडतो, घाण होते, म्हणून लोक तोडायला निघतात. पाचोऱ्यात कोणी निघालं तर त्यांना एक उंबर फोडून भिंगाखाली दाखवा.

"आमच्या सरांनी सांगितलं की आपल्या तळोद्याच्या जंगलात रानपिंगळा आहे आणि तो जगात फार कमी ठिकाणी आहे. पण तो आमच्या घराजवळच्या पिंगळ्यासारखाच दिसतो. मग दोन जाती कशा?"
— सातवीतला विद्यार्थी, तळोदा

तुझ्या सरांनी फार छान गोष्ट सांगितली. हा पक्षी १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने शास्त्रीय नाव देऊन नोंदवला. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचा शेवटचा नमुना घेतला. नंतर तो कोणाला सापडेना. पक्षितज्ज्ञ बघत राहिले, वर्षामागून वर्षं गेली, लोक म्हणू लागले की तो संपला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे पक्षी-अभ्यासक शहाद्याजवळच्या जंगलात शोधत आले, आणि सकाळी उन्हात तो एका उघड्या फांदीवर बसलेला होता. ११३ वर्षांनी. तुझ्या घरापासून किती जवळ, बघ.

घराजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, छातीचा वरचा भाग जवळजवळ सगळा तपकिरी असतो, पोट मधोमध पांढरं, पाय जाडजूड. पिंगळा संध्याकाळी जागा होतो, हा दिवसाही शिकार करतो. दोघांची हाक वेगळी. जनुकांच्या तपासणीत दोघं एकाच घराण्यातले निघाले, आधी लोक रानपिंगळ्याचं घराणंच वेगळं मानत होते.

दोन जाती कशा होतात ते असं: एकाच पक्ष्याच्या दोन टोळ्या काही कारणाने एकमेकींपासून तुटतात. एक दाट सागाच्या जंगलात, एक मोकळ्या माळावर, गावाकडे. जंगलात ज्यांचे पाय दणकट, ज्यांना दिवसा सरडे धरता येतात, त्यांची पिल्लं जास्त जगतात. माळावर वेगळे गुण उपयोगी पडतात. हाकही हळूहळू वेगळी होते. लाखो वर्षांनी दोघं समोरासमोर आले तरी एकाची हाक दुसऱ्याला आपली वाटत नाही, जोडी जमत नाही. मग जाती दोन. माळावरचा पिंगळा माणसाजवळ राहणाऱ्या टोळीतला, म्हणून तो तुझ्या अंगणातल्या चिंचेवर आहे. रानपिंगळ्याला मोठ्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि ते जंगल पट्ट्यापट्ट्यांत कापलं गेलं, म्हणून तो थोडा उरला.

मी त्याला एकदाच पाहिलं, यावलच्या अभयारण्यात, थंडीत सकाळी नऊच्या सुमाराला. सागाची पानं झडत आलेली होती. वाळक्या फांदीवर तो बसला होता, आमच्याकडे बघत, आणि शेपटी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झटक्यात हलवत होता. घरचा पिंगळा मान वरखाली करतो, हा शेपटी हलवतो. तू सरांबरोबर जाशील तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळी ऊन अंगावर घ्यायला तो उघड्यावर येतो. ढोलीजवळ जाऊ नकोस, हाकेचं रेकॉर्डिंग लावू नकोस, लांबूनच बघ. आणि शेपटी हलवताना दिसला तर मला नक्की कळव, कुठल्या झाडावर होता ते.